चकमक, गारगोटी, अकीक: रानात उभ्या उभ्या दगड कसा ओळखायचा?

प्रश्न असा आहे: प्रवरेच्या काठावरच्या एका शेतात नांगरट होऊन पहिला पाऊस पडला की धारदार कडांचे छोटे, चकचकीत दगड वर येतात. काही मधाळ रंगाचे, काही दुधी, काही विटकरी. गावात कोणी त्यांना चकमक म्हणतं, कोणी गारगोटी, कोणी अकीक. प्रयोगशाळा जवळ नाही, ॲसिड नाही, हाताशी फार तर एक चाकू आणि मोबाईल. एवढ्यावर हे दगड ओळखता येतील का?

येतील, आणि बऱ्यापैकी खात्रीने येतील. भूविज्ञान शिकणाऱ्या मुलांना घेऊन नगर, पुणे, नाशिककडचे ओढे-नाले हिंडण्यात माझा बराच काळ गेला आहे. त्या मुलांना पहिल्या दिवशी जे सांगतो तेच इथे सांगतो: रंग बाजूला ठेवा. दगड फुटला कसा आहे ते पाहा, आणि तो पडलाय कुठे ते पाहा. बाकीच्या सगळ्या कसोट्या या दोन गोष्टींच्या मदतीला आहेत.

रंगावर माझा इतका राग का, तर तो या दगडांच्या बाबतीत सरळ दिशाभूल करतो. तुमच्या शेतातले बहुतेक तुकडे कॅल्सेडनी, अकीक, चर्ट आणि जॅस्पर यांपैकी असणार. चौघंही एकाच घरचे. सगळे सिलिका, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य. फक्त त्यांचे स्फटिक इतके बारीक की खिशातल्या भिंगातूनही सुटे दिसत नाहीत. शुद्ध सिलिकेला रंग नसतो. त्यात चिमूटभर लोह गेलं की ती लाल, पिवळी, तपकिरी होते. सेलाडोनाइटासारखं हिरवं खनिज मिसळलं की हिरवी. एकाच गोट्याच्या एका टोकाला विटकरी आणि दुसऱ्या टोकाला दुधी रंग असू शकतो. म्हणून "लाल दगड कोणता?" या प्रश्नाला उत्तर नाही.

आता चकमकीबद्दल. युरोपात ज्याला फ्लिंट म्हणतात तो दगड खडूच्या थरांत सापडतो. समुद्राच्या तळाशी साचलेल्या पांढऱ्या गाळात स्पंजांच्या सांगाड्यांमधली सिलिका विरघळली, गाळातच पुन्हा गोळा झाली आणि काळे-करडे गोटे तयार झाले. इंग्लंडमधल्या डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांत त्यांच्या ओळी लांबूनही दिसतात, आणि नॉरफोकमधल्या ग्राइम्स ग्रेव्हज इथे नवाश्मयुगातल्या लोकांनी हरणांच्या शिंगांच्या कुदळी वापरून त्यासाठी खोल खाणी खणल्या होत्या. आपल्या दख्खनच्या पठारावर खडूचे थर नाहीत. इथे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाचे थरावर थर आहेत. त्यामुळे काटेकोरपणे बोलायचं तर प्रवरेच्या काठी फ्लिंट मिळणार नाही. मात्र चकमकीचं काम करणारा, तितकाच टणक आणि तितकाच धारदार फुटणारा दगड भरपूर मिळेल, आणि आपल्याकडच्या प्राचीन लोकांनी तोच वापरला.

तो आला कुठून, हे कळलं की ओळखणं सोपं होतं. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकून राहिले. पुढे त्या पोकळ्यांमधून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि पोकळीच्या भिंतीवर एकावर एक थर बसवत गेलं. सिलिकेचे थर बसले की अकीक आणि कॅल्सेडनी, चुन्याचे बसले की कॅल्साइट, आणि वेगळ्या रसायनांचे बसले की झिओलाइट. खडकातल्या भेगा भरल्या तिथे पट्टे तयार झाले. वरचा काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, ऊन-पावसाने कुजून मुरूम झाला, माती झाली. आतले टणक गोटे मात्र कुजत नाहीत. ते सुटे होतात, ओढ्यात येतात, ओढ्यातून नदीच्या गोट्यांच्या थरात जातात. तुमचं शेत नदीच्या जुन्या काठावर असेल तर खालचा गोट्यांचा थर नांगराने उकरला जात असणार.

आता प्रत्यक्ष हाताला लागू. दगड आधी पाण्यात बुचकळून माती धुवा. नदीत घासलेल्या गोट्याची बाहेरची साल फार काही सांगत नाही. बेसाल्टचा गोटा असो की जॅस्परचा, वरून दोघंही मळकट तपकिरी. म्हणून आधीच फुटलेला तुकडा शोधा. नांगराच्या फाळाने टवका उडालेला असला तर उत्तमच.

चर्ट-अकीकाच्या कुटुंबातला दगड सपाट फुटत नाही. फुटलेली बाजू शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी वाटीदार आणि गुळगुळीत असते, आणि घाव जिथे बसला तिथून पसरत गेलेल्या मंद कमानी तिच्यावर दिसतात. उन्हात तुकडा थोडा थोडा फिरवत राहिलात की कमानी उठून दिसतात. पुस्तकात याला शंखाभ भंजन म्हणतात. कारण असं की या दगडाच्या आत फुटायला सोयीची अशी कोणतीही ठरलेली पातळी नसते, त्यामुळे घावाचा जोर सगळीकडे सारखा पसरतो. दोन वाट्या जिथे भेटतात तिथली कड इतकी पातळ होते की कागद कापला जातो. तपासताना अंगठा कडेवरून आडवा न्या, कडेच्या लांबीने ओढू नका. बोट कापलं जातं.

याच्या उलट कॅल्साइट. तो ठरलेल्या तीन दिशांनीच फुटतो. तुकडा कितीही बारीक केला तरी त्याला तिरक्या चौकोनी पेटीचा आकार राहतो, आणि बाजू आरशासारख्या सपाट. या गुणाला पाटन म्हणतात. चकचकीत पांढरा तुकडा हातात आला आणि त्याच्या दोन-तीन बाजू अगदी सपाट, एकाच कोनात भेटणाऱ्या दिसल्या, तर तो अकीक नाही हे तिथेच ठरलं.

दुसरी कसोटी कठिनतेची. फ्रीड्रिश मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये केलेली दहा खनिजांची पट्टी आजही चालते: तळाला शंखजिरे 1, कॅल्साइट 3, गारगोटी 7, वर हिरा 10. रानात ती पट्टी लागत नाही. बोटाचं नख सुमारे अडीच, साधं चाकूचं पातं किंवा बाटलीची काच सुमारे साडेपाच. नखाने ओरखडा उठला तर दगड फार मऊ. चाकूने उठला तर कॅल्साइट किंवा बहुतेक झिओलाइट. चाकूने उठला नाही आणि उलट दगडानेच काचेवर चर्रर्र करून ओरखडा ओढला, तर गारगोटीचं कुटुंब.

इथे एक गोष्ट जवळून बघून घ्या, कारण फसगत हमखास इथेच होते. टणक दगडावर चाकू जोरात ओढला की एक करडी, चकाकणारी रेघ उमटते आणि माणूस म्हणतो, "ओरखडा पडला की!" ती रेघ दगडाची नसते, चाकूच्या पोलादाची असते, पातं झिजून दगडावर उतरलेलं असतं. बोट ओलं करून रेघेवरून दाबून फिरवा आणि मग नखाचं टोक तिच्यावरून आडवं न्या. खरा ओरखडा असेल तर नख खाचेत अडकतं आणि खाचेशेजारी पांढरा भुगा दिसतो. धातूची रेघ असेल तर नख सरळ घसरतं. काचेवर ओरखडा ओढतानाही तसंच: काच जमिनीवर सपाट ठेवा, हातात धरू नका, आणि दगडाची ताजी कड वापरा. कुजलेल्या सालीने कोणताही दगड मऊच भासतो.

आता दोन कसोट्या जमेस आल्या: वाटीदार फुटणं आणि चाकूला दाद न देणं. दोन्ही असतील तर तुमच्या हातात सिलिका आहे. ती नेमकी कोणती, हे ठरवायला प्रकाश लागतो. मोबाईलचा टॉर्च लावा आणि दगडाची पातळ कड त्याच्यासमोर धरा, शक्यतो पदराच्या किंवा टोपीच्या सावलीत. कडेतून बराच आतपर्यंत उजेड गेला आणि दगड ढगाळ पण एकसारखा उजळला तर कॅल्सेडनी. त्यातच पट्टे दिसले, आणि पट्टे गोट्याच्या बाहेरच्या आकाराबरोबर वळत असतील, तर अकीक. ते पट्टे म्हणजेच पोकळीच्या भिंतीवर बसलेले थर. अशा गोट्याच्या मध्यभागी बहुधा छोटे चमकते गारेचे स्फटिक असतात, कारण शेवटी उरलेल्या जागेत त्यांना मोकळेपणाने वाढता आलं. उजेड फक्त अगदी पातळ कडेवर थोडासा झिरपला आणि फुटलेली बाजू मंद, मेणचट दिसली तर चर्ट. टॉर्च कडेला टेकवूनही काहीच उजेड आला नाही आणि रंग गडद लाल, पिवळा किंवा हिरवा असेल तर जॅस्पर.

या चौघांमधल्या सीमा काटेकोर नसतात. अर्धा चर्ट, अर्धा कॅल्सेडनी असे तुकडे सर्रास मिळतात आणि त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. शेतकऱ्याला, शिक्षकाला, गावातल्या हौशी संग्राहकाला "सिलिकेचा बारीक कणांचा दगड" इतकं नक्की करता आलं की पुष्कळ झालं.

मग गारगोटी वेगळी कशी? द्रव्य तेच, पण गारगोटीचे स्फटिक मोठे. नदीतली पांढरीशुभ्र किंवा पारदर्शक गोटी बहुधा तीच. तिची फुटलेली बाजू काचेसारखी चमकते, पण आत भेगा असल्यामुळे ती सलग वाटीदार न फुटता वेडीवाकडी फुटते. म्हणूनच धारदार पातं काढायला ती चर्टइतकी चांगली नाही. अखंड स्फटिक मिळाला तर तो सहा बाजूंचा असतो आणि बाजूंवर बारीक आडव्या रेघा असतात. या आडव्या रेघा लक्षात ठेवा, कारण आपल्या भागात अपोफिलाइट नावाचं एक सुरेख पारदर्शक खनिज मिळतं आणि भले भले त्याला गारगोटी समजतात. अपोफिलाइटाचे खांब चौकोनी असतात, बाजूंवरच्या रेघा उभ्या असतात, टोक कापल्यासारखं सपाट असेल तर त्यावर मोत्याची झाक असते, आणि चाकूने त्यावर ओरखडा उठतो.

लहानपणी रात्री दोन गारगोट्या एकमेकींवर घासून उजेड पाडण्याचा खेळ खेड्यातल्या बहुतेकांनी खेळला असेल. तो उजेड खरा आहे; दगडाच्या आतूनच एक पिवळसर झळाळी उठते आणि जळकट वास येतो. पण ती झळाळी थंड असते, तिने कापूस पेटत नाही. चकमकीची ठिणगी निराळी. तिथे दगड जळत नाही, पोलाद जळतं. दगडाची धारदार कड पोलादाचा कण खरवडून काढते, घर्षणाने तो तापतो आणि हवेत पेट घेतो. म्हणून ठिणगी पाडून पाहायची तर जुनी कानस घ्या. तिच्यात कार्बन भरपूर असतो. स्वयंपाकघरातल्या स्टेनलेस सुरीवर ठिणगी धड पडत नाही आणि लोक दगडाला नावं ठेवतात. ही कसोटी फक्त इतकंच सांगते की दगड पोलादापेक्षा टणक आहे आणि त्याची कड धारदार आहे. चर्ट, अकीक, जॅस्पर, गारगोटी, सगळेच ठिणगी पाडतात. त्यांच्यात निवड करायला ती उपयोगी नाही. लायटरमधला 'दगड' तर दगडच नसतो, तो मिश्रधातू असतो.

पांढऱ्या दगडांची गडबड आपल्याकडे सगळ्यात जास्त, म्हणून तिथे थोडा वेळ देतो. विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी डोंगर कापताना काळ्या खडकातून जे पांढरं, गुलाबी, फुलांच्या गुच्छासारखं खनिज निघतं ते बहुधा झिओलाइट. स्टिलबाइट मधे आवळलेल्या पेंढीच्या आकारात येतो आणि त्यावर मोत्याची चमक असते. ह्युलंडाइटाचे स्फटिक चपटे, चमक तशीच. स्कोलेसाइट पांढऱ्या सुयांच्या जुडग्यात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत सापडणारं निळंशार कॅव्हन्साइट आणि जळगाव भागातले अपोफिलाइट-स्टिलबाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत, आणि सिन्नरला तर या खनिजांचं खास संग्रहालयच आहे. चाकूची कसोटी इथे कामाला येते: स्टिलबाइट आणि ह्युलंडाइट चाकूने सहज खरवडले जातात.

काळ्या जमिनीत सापडणारे ओबडधोबड, मळकट पांढरे गोटे ही वेगळीच गोष्ट. ती चुनखडी, जमिनीतल्याच चुन्याचे साकळलेले गोळे. त्यांना चमक नसते, चाकूने भुगा पडतो, आणि कोरडा तुकडा जिभेच्या टोकाला लावला तर किंचित चिकटतो, कारण तो सच्छिद्र असतो. ॲसिड नसलं तरी लिंबू असतं. चाकूने थोडा भुगा काढा, त्यावर लिंबाचा रस पिळा आणि भिंगातून पाहा. चुना असेल तर बारीक बुडबुडे उठतात. अखंड दगडावर रस टाकून काही दिसलं नाही म्हणून "चुना नाही" असं ठरवू नका. लिंबाचं आम्ल सौम्य, त्याला भुगाच लागतो. कॅल्साइटाचा भुगाही असाच फसफसतो. झिओलाइट आणि गारगोटी ढिम्म राहतात.

काळ्या दगडाचं काय? बेसाल्ट, आपला काळा पाषाण, फुटला तर कड बऱ्यापैकी धारदार येते आणि बारीक कणांचा असेल तर अंधुकशी वाटीही दिसते. त्यामुळे काळ्या चर्टशी घोटाळा होऊ शकतो. भिंग लावा: बेसाल्टच्या फुटलेल्या बाजूवर चमचमणाऱ्या बारीक काड्या दिसतात, त्या फेल्स्पार या खनिजाच्या. चर्टमध्ये कणच दिसत नाहीत. मग चुंबक घ्या. जुन्या स्पीकरमधला किंवा हार्ड डिस्कमधला ताकदवान तुकडा दोऱ्याला टांगा आणि दगड त्याच्याजवळ न्या. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळे चुंबक हलकेच दगडाकडे झुकतो. चर्टला तो भीक घालत नाही. हातात तोलूनही फरक कळतो. तेवढ्याच आकाराचा बेसाल्ट जड लागतो.

काळी चकचकीत काच सापडली की बरेच जण तिला ज्वालामुखीची काच समजतात. आधी जुनी बाटली आणि भट्टीचा मळ या दोन शक्यता मोडून काढा. लोखंड गाळल्यावर उरणारा मळ, ज्याला वैद्य मंडूर म्हणतात, जड असतो, त्यात गोल बुडबुडे असतात, वितळून वाहिल्याच्या खुणा असतात. उल्का सापडल्याचे बहुतेक फोन मला याच दगडासाठी येतात. मात्र असा मळ ढिगाने एका जागी असेल तर तीही नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. तिथे कधीकाळी लोहाराची किंवा लोह गाळणाऱ्यांची भट्टी असणार.

आतापर्यंत मी प्रवरा-गोदावरीच्या पठाराबद्दल बोललो. वाचणारा विदर्भातला असेल तर हिशेब बदलतो. नागपूर आणि त्याच्या उत्तरेला छिंदवाड्याच्या भागात दोन लाव्हा थरांच्या मधे जुन्या तळ्यांचा गाळ आहे, आणि तो जागोजागी चर्ट होऊन बसला आहे. तिथला चर्ट गोट्यांऐवजी फळ्यांसारख्या तुकड्यांत मिळतो आणि त्यात गोगलगाईंचे शंख, झाडांची खोडं, बिया दगड होऊन राहिलेल्या दिसतात. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या अशाच चर्टमधल्या वनस्पतींवर पुरावनस्पतीशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी काम केलं. तिथे भिंगाशिवाय जाऊ नये. भंडारा, चंद्रपूरकडे क्वार्ट्झाइट भेटतो, म्हणजे कण एकमेकांत घट्ट जुळून गेलेला वालुकाश्म. तोही टणक, तोही चाकूला न जुमानणारा. पण भिंगातून त्याच्यात साखरेएवढे कण स्पष्ट दिसतात. वालुकाश्मातही कण दिसतात, फक्त तो कणांच्या भोवतीने फुटतो आणि बोटाला खरखरीत लागतो. क्वार्ट्झाइट कणांच्या आरपार फुटतो.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात खालचा दगड बहुतांशी जांभा. जांभ्यात चर्ट किंवा अकीक तयार होत नाही. म्हणून दगड कुठे पडलाय ते पाहा, असं मी सुरुवातीला म्हटलं. सड्यावर, ओढा-नदीपासून दूर, जांभ्याच्या उघड्या कातळावर कॅल्सेडनीचा धारदार कपचा पडलेला दिसला, तर तो पाण्याने तिथे आणलेला नाही. कोणीतरी हातात घेऊन आलं. दगड ओळखता आला आणि खालची जमीन ओळखता आली, की एवढा मोठा निष्कर्ष एका कपच्यावरून निघतो. याच कारणाने रेल्वे रुळालगतची खडी, नव्या रस्त्याचा भराव, ट्रॅक्टरने आणून टाकलेला मुरूम यांच्याजवळ सापडलेल्या दगडावर मी कोणतंही मत देत नाही. तो कुठून आला ते कळायला मार्ग नसतो. गोव्यात आणि सिंधुदुर्गात लोहखनिजाचे पट्टे आहेत. तिथला लालसर दगड जॅस्पर वाटला तर कपबशीच्या तळाच्या खडबडीत, झिलई नसलेल्या कडेवर घासा. हेमॅटाइट, म्हणजे लोहखनिज, असेल तर गडद लाल रेघ उठेल. जॅस्पर तितका टणक असल्याने स्वतःची रेघ सोडत नाही, कपबशीच खरवडतो.

आता तुमच्या शेताकडे परत येऊ, कारण प्रश्नातला "धारदार कडांचे छोटे दगड" हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रवरेचा काठ साधा नाही. नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केलं. तिथल्या नदीच्या गोट्यांच्या थरांत जुन्या अश्मयुगाची बेसाल्टची आणि डोलेराइटची (बेसाल्टचाच थोडा जाड कणांचा भाऊ) मोठी हत्यारं आणि नंतरच्या टप्प्यातली चर्ट-जॅस्परची छोटी हत्यारं मिळाली. ताम्रपाषाणयुगातल्या वस्तीसाठी ओळखलं जाणारं संगमनेरजवळचं जोर्वे याच नदीवर. तिकडे घोडनदीवरच्या इनामगावला ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांच्या घरांत कॅल्सेडनीची बारीक पाती ढिगाने सापडली. म्हणजे तुमच्या भागात फुटलेला चर्ट दिसला, तर तो माणसाने फोडला असण्याची शक्यता धरूनच चाललं पाहिजे.

माणसाने घाव घालून काढलेल्या छिलक्याला, म्हणजे पातळ कपच्याला, काही खुणा असतात. एका टोकाला घाव बसलेली छोटी सपाट जागा, तिच्या लगेच खाली फुगवटा, आणि फुगवट्यापासून पसरणाऱ्या कमानी. पाठीवर आधी काढलेल्या छिलक्यांचे व्रण असतात, आणि ते एकाच दिशेने गेलेले असतात. पातं असेल तर दोन्ही कडा समांतर आणि पाठीवर एक किंवा दोन सरळ धारा. ज्या दगडावरून पाती काढली तो गाभाही सापडतो. त्याच्या अंगावर वरून खाली अरुंद, समांतर खाचा असतात, आणि तो एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. पण सुटा एक छिलका हा पुरावा नाही. नांगराचा फाळ, ट्रॅक्टरचं चाक, खडी फोडणारं यंत्र यांनीही असा कपचा उडतो. जुना आणि नवा घाव वेगळा ओळखायला साल पाहा: ताज्या फुटीची बाजू चकचकीत, स्वच्छ, कडा कोऱ्या, जुन्या फुटीवर मंद झाक आलेली असते, कधी पांढुरकी साय, आणि खाचांमध्ये घट्ट बसलेली माती किंवा चुन्याचे ठिपके. एकाच तुकड्यावर दोन्ही दिसले तर जुनं हत्यार नांगराने आत्ता मोडलंय असं समजा. काही तुकडे दुधी पांढरे, तडकलेले, अंगावर वाटोळे खड्डे पडलेले मिळतील. ते आगीत भाजलेले असतात. चुलीजवळचे असू शकतात, नाहीतर ऊस पेटवल्यावरचेही.

म्हणून फोडून बघण्याची घाई नको. तपासायला दगड फोडायचाच असेल तर नदीच्या पात्रातला, अंगावर एकही जुना व्रण नसलेला गोटा घ्या, डोळ्यांवर चष्मा लावा आणि मुलांना लांब उभं करा. चर्टची कपची उडाली की डोळ्यात जाते. घासून चकचकीत करायची हौस असेल तर पाण्याखाली घासा. सिलिकेची कोरडी धूळ फुप्फुसात साचते आणि परत निघत नाही. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांमधला सिलिकोसिस हा देशातल्या व्यावसायिक आजारांमधला फार दुःखद अध्याय आहे.

तर उद्या सकाळी शेतात गेल्यावर असं करा. उतरत्या उन्हात किंवा कोवळ्या उन्हात चाला, डोक्यावरच्या उन्हात कमानी दिसत नाहीत. तुकडे उचलण्याआधी ते शेताच्या कोणत्या कोपऱ्यात दाट आहेत आणि कुठे विरळ, ते पाहा. सगळीकडे सारखेच पसरले असतील आणि त्यांत गोल गोटेही मिसळलेले असतील तर नदीचा जुना थर. एखाद्या टापूतच दाटी असेल, सोबत खापरं, राखाडी माती, हाडांचे तुकडे, गाभे असतील, तर तो वस्तीचा पांढरीचा भाग असू शकतो. तिथले दगड गोळा करून डब्यात भरू नका. जागेवरच नाण्याशेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मोबाईलवर ठिकाणाची खूण करून ठेवा आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा राज्याचं पुरातत्त्व संचालनालय यांना कळवा. डब्यात गेलेलं पातं सुंदर दिसतं, पण ते कोणत्या कोपऱ्यात, कशाशेजारी पडलं होतं हे हरवलं की अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग राहत नाही. संरक्षित स्थळावर तर परवानगीशिवाय खणणं 1958 च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

आणि त्या दाट टापूत यंदा जेसीबी लावून सपाटीकरण करायचा विचार असेल, तर जाणकाराने एकदा येऊन पाहेपर्यंत तेवढा तुकडा तसाच राहू द्या. पेरणी चालू ठेवायला हरकत नाही. वरच्या वितीभर मातीची उलथापालथ कित्येक पिढ्या होतच आली आहे. खालचा थर मात्र एकदा उचलला की परत बसवता येत नाही.